पाटीवरचं नाव, कागदावरचं नाव

२०२१ सालच्या दसऱ्याची गोष्ट. सकाळी साडेसहालाच पेंटर शिडी घेऊन आमच्या दारात हजर झाला. आधी त्यानं जुन्या पाटीवर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि तेहेतीस वर्षांचं 'अण्णांची खानावळ' हे नाव माझ्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं. दुपारपर्यंत तिथं लाल अक्षरांत 'वहिनींची खानावळ' आलं. मी पाटीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पहिल्या पाच गिऱ्हाइकांना शिरा वाढला. मनात म्हटलं, चला, नाव बदललं एकदाचं!

मैत्रिणींनो, खरं नाव बदलायला मला त्यानंतर चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी जे शिकले, ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरेच हेलपाटे वाचले असते. म्हणून आज हे सगळं लिहायला बसले आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी मेस चालवतात, पोळी-भाजी केंद्र चालवतात, नाष्ट्याची गाडी लावतात. आणि त्यातल्या बऱ्याच जणींची कागदपत्रं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर असतात.

नाव का बदललं?

आमची खानावळ एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. सोलापूर भागातलं साधं जेवण: कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, एक पालेभाजी, शनिवारी धपाटे-दही. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, १९८८ मध्ये ती सुरू केली. मी लग्न होऊन आले ती थेट चुलीपुढंच. बावीस वर्षं मी तिथं भाकरी थापली. गल्ल्यावर हे बसायचे, बाजारहाट हे करायचे, कागदपत्रं तर मी कधी बघितलीसुद्धा नाहीत. 'ते त्यांचं काम' अशीच आपल्याकडची रीत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. पाच महिने खानावळीचं शटर खालीच होतं. त्या काळात माझ्या धाकट्या दिरांनी बायपासला स्वतःची खानावळ टाकली आणि पाटी लावली, 'अण्णांची खानावळ'! मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, अण्णा माझेही वडील होते की."

खोटं काय होतं त्यात? पण एका गावात एकाच नावाच्या दोन खानावळी. फोन त्यांना लागायचे, चौकशा माझ्याकडं यायच्या. भांडायला अंगात बळ नव्हतं. दोन मुलं शिकत होती. मग एक दिवस मनाशी ठरवलं की नाव त्यांना राहू दे. गिऱ्हाईक मला 'वहिनी' म्हणतं, तर पाटीवर तेच लावू. अशा रीतीनं दसऱ्याला नवी पाटी चढली. सोबत शिक्का बनवला, एक हजार बिलं छापून घेतली. एकूण साडेसहा हजारांचा खर्च!

अठरा हजारांचा चेक

पहिला दणका बसला नोव्हेंबरात. गावात तीन दिवसांचं एक प्रशिक्षण शिबिर होतं, त्यांच्या जेवणाची ऑर्डर मला मिळाली. इतक्या महिन्यांनी मोठं काम आलं म्हणून मी आणि माझ्या दोन मदतनीस बाया पहाटे चारपासून राबलो. शिबिर संपल्यावर साहेबांनी बिल बघितलं आणि १८,४०० रुपयांचा चेक हातावर ठेवला. नाव लिहिलं होतं, 'वहिनींची खानावळ'.

चेक घेऊन मी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "या नावाचं खातं कुठल्या शाखेत आहे?"

खातं? पाटी होती, शिक्का होता, बिलबुक होतं, पण खातं नव्हतं. माझ्या स्वतःच्या बचत खात्यावर तो चेक जमा होईना, कारण चेकवर माझं नाव नव्हतं. बोलता बोलता तिनं जुन्या खात्याची चौकशी केली. मी भोळेपणानं सांगून टाकलं की खातं ह्यांच्या नावावर आहे, हे एप्रिलमध्ये गेले. आणि भिंतीवर जो क्यूआर कोड चिकटवलेला आहे, त्यावर गिऱ्हाइकांचे पैसे अजून त्याच खात्यात जमा होतात!

तिचा चेहराच बदलला. गेलेल्या माणसाचं खातं असं चालवता येत नाही. त्यातून पैसे काढणं त्याच दिवशी थांबलं. नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे मृत्यूचा दाखला आणि अर्ज देऊन पुढं ते पैसे मिळाले. पण दसऱ्यापासूनची क्यूआरवरची कमाई तोवर अडकून पडली. आणि हातातला चेक? तारखेपासून तीन महिन्यांत भरला नाही तर तो रद्दीच. २०१२ पासून चेकची मुदत तीन महिनेच आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं.

फाइल उघडली तेव्हा

आमच्या गल्लीत एक करसल्लागार बाई आहेत. दुपारी आमच्याकडं जेवायला यायच्या. त्यांच्यापुढं मी डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, रडू नंतर. घरात जी काय फाइल असेल ती घेऊन या."

कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी सापडली. बाईंनी एकेक कागद टेबलावर मांडला. दुकानाचा जुना गुमास्ता परवाना अण्णांच्या नावावर. लाइटचं मीटर अण्णांच्या नावावर. अन्न परवान्याची नोंदणी ह्यांच्या नावावर. व्यावसायिक गॅसचं कनेक्शन ह्यांच्या नावावर. बँक खातं ह्यांच्या नावावर. जागा मात्र अण्णांनी पूर्वीच सासूबाईंच्या नावानं घेतलेली.

"आणि तुमचं नाव कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

बावीस वर्षांत माझं नाव फक्त एकाच कागदावर आलं होतं, बँकेच्या नॉमिनीच्या रकान्यात.

मग त्यांनी मला जी गोष्ट समजावली, ती मी तुम्हाला जशीच्या तशी सांगते. धंद्यात दोन नावं असतात. एक पाटीवरचं, म्हणजे दुकानाचं. दुसरं मालकाचं, ज्याच्या नावानं परवाना दिलेला असतो. मालक तोच राहून फक्त पाटीवरचं नाव बदललं, तर परवाना मरत नाही. त्यात दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि परवान्याचा नंबर तोच राहतो. पण मालकच बदलला, तर जुना कागद नव्या माणसाला अंगरख्यासारखा घालता येत नाही. नव्या माणसानं नव्यानं अर्ज करावा लागतो. पाटी तीच ठेवली तरीही!

"तुम्ही समजत होता की तुम्ही पाटी बदलली," बाई म्हणाल्या. "खरं तर तुमच्याकडं मालकच बदललाय. त्याची नोंद कुठंच नाही."

नव्वद दिवसांची मुदत

अन्नसुरक्षेच्या नियमांत यासाठी एक सोय आहे. परवानाधारक वारला, तर त्याचा परवाना किंवा नोंदणी वारसांसाठी नव्वद दिवस चालू राहते. त्या मुदतीत वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा. अधिकारी लेखी कारण नोंदवून ही मुदत वाढवूही शकतो. घरचं माणूस गेल्यावर लगेच चूल पेटवावी लागणाऱ्या बाईसाठी ही केवढी मोठी सोय! पण माझे नव्वद दिवस जुलैतच संपले होते. तेव्हा मला दिवस-रात्र कळत नव्हतं, तिथं मुदत कुठली कळणार?

आता नवी नोंदणी करणं भाग होतं. हे काम अन्न व औषध प्रशासनाकडं, पण अर्ज ऑनलाइन. 'फॉसकॉस' नावाच्या सरकारी पोर्टलवर तो भरायचा. माझी वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत, म्हणून त्या वेळच्या नियमाप्रमाणे मोठा परवाना लागला नाही, साधी नोंदणी पुरली. फी वर्षाला शंभर रुपये. मी पाच वर्षांचे पाचशे एकदमच भरले. चौदा आकडी नंबर मिळतो, तो बिलावर छापावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून तर ते बंधनकारकच झालं. माझ्या हजार बिलांवर तो नंबर नव्हता. ती बिलं अजून घरात आहेत, मुलं मागच्या बाजूला गणितं सोडवतात.

सासूबाईंची सही

नोंदणीसाठी जागेचा पुरावा आणि जागामालकाचं संमतीपत्र हवं होतं. म्हणजे सासूबाईंची सही. पाटी पुसल्यापासून त्या माझ्याशी फारसं बोलत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीनं मी नवऱ्याचं नाव पुसलं होतं, आणि मुलाचं दुकानही माझ्या नावानं करू बघत होते.

रात्री त्यांच्या अंथरुणाजवळ बसले. म्हटलं, "आत्या, अण्णांचं नाव भाऊजींकडं आहे, ते कुठं गेलं नाही. पण मी उद्या आजारी पडले, तर ही खानावळ कुणाची, हे सांगायला एकही कागद नाही. माझ्या नावानं काहीच नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जागेवर माझं नाव हाय म्हणून या वयात मला कुणी 'जा' म्हणू शकत न्हाई. अण्णांनी तेवढं शहाणपण केलं. आण तो कागद."

चष्मा लावून, ओळीबाहेर जात, थरथरत्या हातानं त्यांनी सही केली. त्या सहीची एक झेरॉक्स मी आजही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली आहे.

एका अक्षराचा घोळ

त्यानंतर दुकानाची नोंद. पूर्वी ज्याला आपण 'गुमास्ता' म्हणायचो, त्याचा महाराष्ट्रातला कायदा २०१७ मध्ये बदलला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. माझ्याकडं तिघं होते, म्हणजे सूचनाच. अर्जाला मराठी पाटीसह दुकानाचा फोटो जोडला. माझ्या घाईच्या पाटीचा तेवढा एक उपयोग झाला!

'उद्यम' नोंदणी मात्र मी शहाणपणा करून स्टँडवरच्या एका एजंटाकडून घेतली. त्यानं पंधराशे रुपये घेतले. नंतर कळलं की सरकारी पोर्टलवर ही नोंदणी पूर्णपणे फुकट आहे. आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते. बरं, पैसे गेले ते गेले, त्यानं नावही चुकवलं. दुकानाच्या पावतीवर इंग्रजीत जे स्पेलिंग होतं, त्यातलं एक अक्षर त्यानं गाळलं. 'वहिनींची'चं 'वहिनीची' झालं.

आपल्याला वाटतं, एका अनुस्वारानं काय बिघडतं? बँकेला बिघडतं. मालकी हक्काच्या दुकानाचं चालू खातं उघडायचं तर दुकानाच्या नावाचे दोन पुरावे लागतात. माझे दोन पुरावे दोन वेगळी नावं सांगत होते. अर्ज परत आला. बाईंनी उद्यमच्या नोंदीत दुरुस्ती करून दिली, तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. खातं उघडलं आणि तो चेक मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना भरला. चेक वटल्याचा मेसेज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच मोबाइल बघितला.

मैत्रिणीचं हॉटेल

माझी एक मैत्रीण हायवेला मोठं हॉटेल चालवते. तिनं २०२२ मध्ये हॉटेलचं नाव बदललं. मालकीण आधीही तीच आणि नंतरही तीच. तिची गोष्ट माझ्यापेक्षा खूपच सोपी झाली.

तिला जीएसटी लागू आहे. जीएसटीचा नंबर पॅनवर बांधलेला असतो, पाटीवर नाही. त्यामुळं नंबर तोच राहिला. फक्त व्यवसायाचं नाव बदलल्याचा अर्ज पोर्टलवर पंधरा दिवसांच्या आत करावा लागला. नवं प्रमाणपत्र छापून तिनं काउंटरवर लावलं. आणि नव्या पाटीवर जीएसटी नंबर टाकायला विसरली नाही, कारण दारावरच्या नामफलकावर तो असणं नियमानं आवश्यक आहे. अन्न परवान्यातही तिनं नावाची दुरुस्ती करून घेतली. चौदा आकडे तेच राहिले.

तिच्या जुन्या पाटीवर इंग्रजी अक्षरं हातभर आणि मराठी बोटभर होती. २०२२ मध्ये महाराष्ट्रात कायद्यात बदल झाला. दुकान लहान असो की मोठं, पाटीवर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीलाच, आणि दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. मैत्रिणीनं नाव बदलतानाच पाटीही नीट करून घेतली, दुसऱ्यांदा खर्च पडला नाही. ज्यांच्याकडं परमिट रूम आहे, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्याच कायद्यानुसार जिथं दारू दिली जाते, तिथं थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावं लावता येत नाहीत. आणि दारूच्या परवान्यावरचं नाव बदलायचं तर पाटी रंगवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाची वाट धरावी.

या मैत्रिणीला मुलाला भागीदार करून घ्यायचं होतं. करसल्लागार बाईंनी तिला सावध केलं. एकटीचा धंदा भागीदारीत गेला की पॅन बदलतं. पॅन बदललं की जीएसटीची नोंदणी नवी, अन्न परवाना नवा, बँक खातंही नवं. पाटी तीच राहिली तरी!

मग नाव कुणाचं?

एक प्रश्न माझ्या मनात कायम टोचत होता. 'अण्णांची खानावळ' या नावावर हक्क कुणाचा होता? दिरांचा, माझा, की दोघांचा? बाईंनी सांगितलं की दुकानाची पावती, अन्न नोंदणी, जीएसटी यातल्या कशानंच नाव तुमच्या मालकीचं होत नाही. ही सगळी धंदा करण्याची कागदपत्रं. नावावर हक्क सांगायचा असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी हा त्यातला भक्कम मार्ग. हॉटेल-खानावळ ४३ व्या वर्गात येते. एकट्या व्यक्तीनं किंवा लहान उद्योगानं ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी एका वर्गाला साडेचार हजार. नोंदणी झाली की दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरण करता येतं. नवं नाव ठरवण्याआधी ते दुसऱ्या कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं.

मी उत्साहानं म्हटलं, "मग 'वहिनींची खानावळ' माझ्या नावावर करून टाका!"

बाई हसल्या. "खानावळ हा तर साधा शब्द. त्यावर कुणा एकाला हक्क मिळत नाही. आणि वहिनी काय, अख्ख्या महाराष्ट्रात घरोघरी आहेत. असलं नाव नोंदवून घेणं अवघड. वेगळं, तुमचंच म्हणता येईल असं नाव असतं तर गोष्ट निराळी."

तेव्हा ज्या मैत्रिणी आत्ता नाव शोधत असतील, त्यांनी दोन दिवस जास्त विचार करावा. मी ते साडेचार हजार मोठ्या कुकरमध्ये घातले.

तुम्ही नाव बदलणार असाल तर...

१. आधी घरातली फाइल उघडा. प्रत्येक कागदावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, ते एका वहीत लिहून काढा. राबणारी तुम्ही असाल तर तुमचं नाव कुठं आहे ते बघा. माणूस हयात असतानाच ही कामं सोपी असतात.

२. नाव एकदा पक्कं करा. मराठीत कसं लिहायचं आणि इंग्रजीत स्पेलिंग काय, हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. सगळ्या अर्जांत त्या चिठ्ठीबरहुकूम लिहा, काना-मात्रा-अनुस्वारासह.

३. सुरुवातीला साधी मराठी पाटी लावा. शिक्का, बिलबुकं, मोठा बोर्ड, हे सगळं कागदपत्रं हातात आल्यावर.

४. क्रम असा ठेवलात तर बरं: जागेचं संमतीपत्र, दुकानाची नोंद, अन्न नोंदणी किंवा परवाना, उद्यम, लागू असेल तर जीएसटी, मग बँक खातं आणि क्यूआर कोड. गॅस आणि लाइटचं मीटर विसरू नका. नगरपरिषदेचा परवाना किंवा भाडेकरार जुन्या नावानं असेल तर तोही.

५. मालक तोच असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. मालक बदलला असेल तर नवा अर्ज करा. घरात दुःखद घटना घडली असेल तर अन्न नोंदणीचे नव्वद दिवस मोजायला घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा.

६. फी, उलाढालीच्या आणि कामगारांच्या मर्यादा सरकार वेळोवेळी बदलतं. माझे आकडे २०२१-२२ चे आहेत. अर्ज करताना सरकारी पोर्टलवर बघून घ्या किंवा माहितीच्या करसल्लागाराला विचारा. फुकटच्या कामाला एजंटाला पैसे देऊ नका.

आता दिरांशी बोलणं-चालणं पूर्ववत आहे. त्यांच्याकडं गर्दी जास्त झाली की ते गिऱ्हाईक आमच्याकडं धाडतात, आमची भाकरी संपली की मी त्यांच्याकडून मागवते. सासूबाई दुपारी येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसतात. अण्णांचा आणि ह्यांचा फोटो भिंतीवर आहे. त्याच्या खाली अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं आहे.

फ्रेम लावली त्याच आठवड्यात एक एसटीचे ड्रायव्हर जेवायला आले होते. पंधरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. हात धुताना त्यांनी तो कागद वाचला, परत एकदा वाचला आणि मला विचारलं, "वहिनी, हे नाव कुणाचं हो?"

"माझं," मी म्हटलं.